सात वेढे

लॅव्हर्टन, मेलबर्न
७ फेब्रुवारी २००५

डॅड,

काल फोनवर अर्धा तास बोंबलले आणि तुझ्या कानात शिरलं ते एवढंच, की कांदे बरे आलेत. मी कांद्यांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून त्याला काय अंडी उबवायला बसवलंयस? जाऊ दे. यापुढे पत्रच लिहीन. तुला 'काय? काय?' करायला नको आणि मला घसा खरवडायला नको.

काम जोरात आहे. शीतगृह केवढं मोठं म्हणून सांगू, छत चौदा मीटरवर, आणि सगळीकडे आग विझवायच्या फवाऱ्यांचे पाईप टांगायचेत. फोरमन मी, आणि वर, चाकांवरच्या उघड्या पाळण्याच्या लिफ्टमध्ये, तुझा जुना चेला व्हिन्स. सत्तावन्नचा झाला, गुडघे वाजतात, पण पाईप छताच्या कड्यांत, हँगरमध्ये, बसवताना अजून डोळे मिटून बसवतो. दर शुक्रवारी बायकोच्या, डॉरिसच्या हातच्या पस्तिझ्झी आणतो, त्याच चीजच्या माल्टी करंज्या, आणि मोजून वाटतो. तुझ्या वाटणीची मीच खाते.

नवा सेफ्टीवाला आलाय, रॉस पिल्चर. हेल्मेटवर एक ओरखडा नाही. आल्या आल्या अकरा नियमांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चहाच्या खोलीत टांगला आणि आम्हाला बालवाडीतल्या पोरांसारखं शिकवायला लागला. 'लिफ्ट चालवायच्या दांड्यावरचा चाप दाबलेला असेल तरच लिफ्ट वर जाते. बोट सुटलं की थांबते. म्हणून नियम सहा: चाप कधीही बांधायचा नाही.' नियम चार म्हणजे कठड्यावर पाईप ठेवून लिफ्टने वर ढकलायचा नाही. नियम नऊ म्हणजे खाली एक माणूस कायम उभा हवा, आणि वरचा अडकला तर लिफ्ट खालून उतरवायचं हँडल कुठे आहे ते त्याला ठाऊक हवं. व्हिन्स माझ्या कानात म्हणाला, 'चार आणि सहा तुझ्या बापासाठी लिहिलेत. म्हाताऱ्याला कळव, त्याच्या नावाचा कायदा झालाय.'

शिवाय रोज सकाळी लिफ्ट तपासून वहीत सही. टायर, ब्रेक, कठडा, हँडल, असे वीस खाने. मी सोमवारीच पाची दिवसांच्या सह्या ठोकून मोकळी होते. रोज उठून कोण तेच तेच बघत बसणार?

एक गोष्ट मात्र चांगली झाली. तो पांढरा टेफलॉन टेप बंद झाला. आता गुलाबी देतात, जाड, ओढला तर ताणतो पण तुटत नाही. आट्यांवर एकदा गुंडाळला की थेंब गळत नाही.

पाय जपून टाक, आणि यंत्र घाल.

तुझी लिनेट

•

पेंग्विन, टास्मानिया
१३ फेब्रुवारी २००५

लिनेट,

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की शेजारणीला वाटलं मला झटका आला. अकरा नियम! आमच्या वेळी एकच होता: पडू नकोस, पडलास तर बिल्डरच्या डोक्यावर पड. हे सगळे उंटावरचे शहाणे. आयुष्यात एक पाईप टांगला नाही आणि निघाले कागदी घोडे नाचवायला.

त्या ओरखडा नसलेल्याला विचार, बाबा रे, सहा इंची पाईप छताला लावायचा कसा? दोघा माणसांनी डोक्यावर धरून? आम्ही तो कठड्यावर आडवा टाकायचो, दोन्ही हातांनी तोलायचो आणि लिफ्टलाच म्हणायचो, चल बाई, उचल. मग चाप कोण दाबणार? देवाने तिसरा हात दिला नाही, म्हणून खिशात टेप दिला. दांडा पुढे, चाप आत, आणि दोन्हींवर मिळून सात वेढे. सहा नाही, आठ नाही. सहाला सुटतो, आठला फाटत नाही. सात असले की एक हिसका दिला, टेप फाटला, लिफ्ट जागच्या जागी उभी. पंधरा वर्षं असेच पाईप टांगले, आणि ती सगळी गोदामं अजून उभी आहेत.

व्हिन्सला माझा निरोप वाचून दाखव. म्हणावं, सात मोजायला विसरलास, की डॉरिसने तेही बंद केलं? बोटाचं एक पेर काय गेलं, माल्टाच्या वाघाची शेळी झाली. आता कागद वाचून पाईप लावतो म्हणे! मी तिथे असतो तर त्याला घागराच नेसवला असता.

गुलाबी टेप म्हणजे काय, वेणीच्या रिबिनी?

कांदे खरंच बरे आलेत. एक गोणी बोटीने पाठवतो. यंत्र घालत नाही. त्यात भांडी पडल्यासारखा आवाज येतो.

तुझा बाप, मर्व्ह हॅलम

•

लॅव्हर्टन
२६ फेब्रुवारी २००५

डॅड,

शेजारणीला फोन केला होता. तिने तुला सांगितलं असेलच, तरी लिहिते, कारण तुला ओझरतं कळलेलं मला नको आहे. व्हिन्स गेला. बुधवारी, सकाळी दहाला दहा कमी असताना.

सहा इंची पाईप होता. कठड्यावर ठेवून वर नेत होता. हँगरमध्ये सरकवायला तो पाईपवर वाकला आणि लिफ्ट थांबली नाही. पाठ गर्डरला लागली, छाती पाईपवर. थांबवायचं लाल बटण त्याच्या पोटाखाली गेलं.

चापावर टेप गुंडाळलेला होता. का, कधी, कुणाला काही माहीत नाही. मी खाली होते. लिफ्ट उतरवली. तोवर सगळं संपलं होतं.

मंगळवारी अकराला चर्चमध्ये अंत्यविधी आहे. तू सोमवारच्या बोटीने ये, शेजारणीलाही फोनवर तसं सांगितलंय. मी बंदरावर येते.

लिनेट

•

पेंग्विन
५ मार्च २००५

पोरी,

घरी पोचलो. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे निदान कुणी बोलायला आलं नाही.

मी डॉरिसचा हात धरला, पण ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. पाद्री तोंड हलवत होता. तीनशे माणसं रडत होती आणि मला नुसती गुणगुण ऐकू येत होती, बंद दाराआड दूर कुठेतरी पंप चालू असल्यासारखी. व्हिन्सला मी कामावर घेतलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याला पाना कसा धरतात तेही येत नव्हतं. माझ्या आधी जायचा त्याला काही अधिकार नव्हता. मला त्याचा राग येतोय. इतका राग येतोय, की काल मी कुदळ भिंतीवर फेकली.

आता नीट वाच. चौकशी होणार, पोलीस जबाब घेणार, मग मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या कोरोनरपुढे जावं लागणार. तू तोंड बंद ठेवायचं. टेप व्हिन्सने गुंडाळला, त्याची जुनी खोड होती, बस्स. मेलेल्या माणसाला बोल लागत नाही. तुला अजून वीस वर्षं कामं करायचीत. सात वेढ्यांचा 'स' काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे, टेप फाटला का नाही? व्हिन्सने हिसका दिला नसेल असं होणं शक्य नाही. दुसरी म्हणजे, मातीपाशी तू माझ्या कानाशी येऊन बराच वेळ काहीतरी बोललीस. मी मान हलवली. खरं सांगतो, मला एक शब्द ऐकू आला नव्हता. तू रडत होतीस म्हणून मान हलवली. काय म्हणालीस ते लिहून कळव.

डॅड

•

लॅव्हर्टन
१० मार्च २००५

डॅड,

तू मान हलवलीस. मला वाटलं, तुला सगळं कळलं आणि तरी तू 'असू दे' म्हणालास. नऊ दिवस मी त्या एका मानेवर जगले. आणि तुला ऐकूच आलं नव्हतं.

आता लिहिते. एकदाच.

तुझं पत्र शुक्रवारी, अठरा तारखेला, मी चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. सगळे होते. शेळीपाशी आले तेव्हा टाळ्या पडल्या, घागऱ्याला तर लोक बाकड्यावरून पडायचे राहिले. व्हिन्स सगळ्यांत जास्त हसला. पस्तिझ्झीचे तुकडे त्याच्या मिशीत अडकले होते. म्हणाला, 'थांबा रे, म्हातारा दात काढतोय काय! शेळी कोण ते दाखवतो.' अकरा वर्षं त्याने चाप बांधला नव्हता, डॅड. बांधलेल्या चापापायी बोटाचं पेर गेलं तेव्हा डॉरिसला शब्द दिला होता. मला हे माहीत होतं. तुलाही होतं.

सोमवारी त्याने बांधला, मंगळवारी बांधला. पोरं खालून एक-दोन-तीन मोजायची, सातला ओरडायची. मी फोरमन. मी पण मोजलं.

बुधवारी टेप गुलाबीच होता. पांढरा आमच्याकडे आता मिळतच नाही. मला तो खालून दिसत होता. मनात आलं, हा जाड आहे, आणि पुढच्या क्षणी मनात आलं, सात म्हणजे सात. सोम-मंगळ हलके पाईप होते, तो एका हाताने टेप उलगडून चाप मोकळा करायचा, हिसका द्यायची वेळच आली नव्हती. बुधवारी आली. त्याने हिसका दिला. मी पाहिलं. टेप ताणला गेला, फाटला नाही.

मी हँडलकडे धावले. डाव्या अंगाला, शिडीखाली. तिथे हँडल नव्हतं. कारण सोमवारी आमच्या लिफ्टचं तेल गळायला लागलं म्हणून मंगळवारी भाड्याची दुसरी आली होती. हिचं हँडल मागे होतं, झाकणाच्या आत. मी दोन्ही बाजू चाचपत होते, पोरं ओरडत होती, आणि वरून आवाज येत होता. तो कसला ते लिहीत नाही. चार मिनिटं गेली. हँडल कुणाला सापडलं माहीत आहे? रॉसला. हेल्मेटवर ओरखडा नसलेल्या रॉसला. धावत आला, झाकण उघडलं आणि ओढलं. त्याने मंगळवारी मशीनचं पुस्तक वाचलं होतं.

वहीत मंगळवार आणि बुधवारच्या खान्यांत 'हँडल तपासलं' म्हणून माझी सही आहे. जी लिफ्ट तेव्हा आमच्या अंगणात आलेलीसुद्धा नव्हती, ती मी सोमवारीच तपासली होती.

कंपनी म्हणते, जुन्या माणसाने नियम सहा मोडला, विषय संपला. डॉरिस रोज मला एकच विचारते, 'हे परत त्याच्या डोक्यात कुणी घातलं?' तुझं पत्र माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. एकवीस तारखेला जबाब आहे. काय करू?

लिनेट

•

पेंग्विन
१६ मार्च २००५

जाळ ते पत्र.

वाचायचं कशाला होतं सगळ्यांपुढे? मी तुला लिहिलं होतं. 'वाचून दाखव' लिहिलं होतं, हो, पण माणूस लिहायला काय वाटेल ते लिहितो! बापलेकीचं पत्र, थट्टा होती ती. थट्टेवरून कुणी मरतं का?

आणि वहीचं काय घेऊन बसलीस? सगळा धंदा सोमवारी सह्या करतो. मी केल्या, माझ्या फोरमनने केल्या. आता तुझ्या एकटीच्या गळ्यात धोंडा कशाला? वही बोलेल ते बोलेल, तू बोलू नकोस. 'मी हँडलपाशीच होते, हँडल अडकलं' एवढं म्हण. रॉस एकटा, बाकीची पोरं आपली आहेत.

आपलेच दात, आपलेच ओठ. डॉरिसला कळून काय होणार? नवरा परत येणार आहे? उलट मेलेल्याचं हसं होईल, की बायकोला दिलेला शब्द एका थट्टेसाठी मोडला. तिचं भलं हवं असेल तर गप्प बस.

लायसन गेलं तर खाशील काय? जाळ म्हणतो ना.

डॅड

•

लॅव्हर्टन
२८ मार्च २००५

डॅड,

जाळलं नाही. दिलंही नाही. पिशवीतच आहे, तेलाचा डाग पडलाय.

एकवीसला जबाब झाला, फक्त सही ईस्टरनंतर ढकलली. टाईप करून आणलाय, तू सांगितलंस अगदी तसाच. 'टेपबद्दल मला माहीत नव्हतं. मी हँडलपाशी उभी होते.' पोलीसबाई म्हणाली, घरी ने, वाच, सही करून सोळा एप्रिलच्या आत आण. आठवडा झाला, कागद टेबलावर आहे. मी, जिने एका दमात आठवड्याच्या सह्या केल्या, तिचा हात आता एक सही करायला उचलत नाही.

काल डॉरिसकडे गेले. ईस्टरचं ताट मांडलं होतं, त्याचंही. मी म्हटलं, 'चल, कबरीवर फुलं ठेवून येऊ.' तर म्हणते, 'मी गेले नाही. जाणारही नाही.' मातीनंतर एकदाही गेली नाही, डॅड. म्हणाली, 'अकरा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलला. रोज संध्याकाळी विचारायचे, बांधला नाहीस ना? नाही म्हणायचा. आणि रोज बांधत असणार. एका दिवसात कुणी मरत नाही. मी कुणाबरोबर झोपत होते तेच मला कळेनासं झालंय.'

मी तिथे बसले होते. मला माहीत होतं, की तो खोटं बोलत नव्हता. अकरा वर्षांत शेवटचे तीन दिवस सोडले तर एकदाही नाही. मी चहा प्यायले आणि घरी आले.

तू म्हणालास तिच्या भल्यासाठी गप्प बस. हे तिचं भलं आहे का? नीट विचार करून लिही. शिव्या नकोत.

लिनेट

•

पेंग्विन
४ एप्रिल २००५

लिनेट,

शिव्या देत नाही. चार दिवस बटाटे खणले. हात चालले की डोकं चालतं असं वाटायचं, पण यावेळी तसं झालं नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐंशी साली, बंदरावरच्या लोकरीच्या गोदामात, पहिल्यांदा मी चाप बांधला. खिशात टेपचं संपत आलेलं रीळ होतं. गुंडाळत गेलो आणि सातव्या वेढ्याला रीळ संपलं. पाईप टांगला, हिसका दिला, टेप फाटला. खालून व्हिन्सने विचारलं, 'किती वेढे, बॉस?' मी ऐटीत म्हणालो, 'सात. सहा नाही, आठ नाही.' बस, एवढंच. मी सहा कधी करून पाहिले नाहीत. आठ कधी करून पाहिले नाहीत. रिळात आठ वेढ्यांचा टेप असता तर साऱ्या व्हिक्टोरियाने आठ मोजले असते.

तू लिहिलं होतंस, गुलाबी टेप ताणतो पण तुटत नाही. मी वाचलं. ज्या पत्रात वाचलं त्याच्याच उत्तरात व्हिन्सला डिवचलं, आणि टेपवर रिबिनीचा विनोद केला. तुझी सही खोटी होती हे खरं. पण त्या सहीखाली माझं अक्षर आहे.

सोबत चार पानं आहेत, कोरोनरच्या नावाने. माझं नाव, पत्ता, ऐंशी साल, रीळ, सगळं आहे. शेजारणीसमोर सही केली, तिची साक्षीदार म्हणून घेतली. ही पानं आणि माझं तेरा फेब्रुवारीचं पत्र, दोन्ही दे. तो टाईप केलेला कागद फाड आणि खरं ते सांग. लायसन जाईल. जाऊ दे. उपाशी राहायची वेळ आली तर इथे कांदे आहेत.

बारा तारखेच्या बोटीने येतो. आधी डॉरिसकडे जातो, एकटा. तू बाहेर गाडीत थांब. तिला जे ऐकवायचं ते ऐकवू दे. यंत्र घालून येतो.

डॅड

•

लॅव्हर्टन
१८ एप्रिल २००५

डॅड,

दिलं. सगळं दिलं. तीन तास लागले. पोलीसबाईने तुझं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, त्यावर नंबर टाकला. 'घागरा' या शब्दापाशी ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

लायसन काढून घेतलंय, निकाल लागेपर्यंत. खटलाही भरतील कदाचित. साइटवरची पोरं बोलत नाहीत. दोघांनी तर थुंकून दाखवलं, 'आम्हीपण मोजलं तेही हिने सांगितलं' म्हणून. रॉस आला होता. बसला, चहा घेतला, गेला. त्याच्या हेल्मेटवर आता ओरखडा आहे. त्या दिवशी झाकण उघडताना पडला असेल.

डॉरिसच्या घरातून तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा मला ओळखू आला नाही. कोटाच्या आत काहीतरी धरलं होतंस. मी विचारलं तर म्हणालास, लिहितो. ती काय म्हणाली? कालपासून मी फोन केला तर ती उचलत नाही. मला सांग, मला तिला तोंड दाखवता येईल का?

लिनेट

•

पेंग्विन
२४ एप्रिल २००५

लिनेट,

लिहायला उशीर झाला. बोटांना पट्ट्या आहेत.

मी तिला उभ्यानेच सगळं सांगितलं. पत्र, शेळी, अकरा वर्षं, तीन दिवस, संपलेलं रीळ. ती रडली नाही. म्हणाली, 'म्हणजे तो खोटं बोलत नव्हता?' मी म्हटलं, 'नाही. त्या तीन दिवसांआधी एकदाही नाही.' तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग तिने मला बस म्हटलं.

मागच्या शेडमधून ती पांढऱ्या टेपचं जुनं रीळ घेऊन आली, आणि एक लाकडी चमचा. पस्तिझ्झीचं सारण ढवळायचा. म्हणाली, 'मला दाखव. काय शिकवलंस ते.' मी चमच्यावर सात वेढे घातले आणि हिसका दिला. फाटला. लगेच, कागदासारखा. तिने मान हलवली.

मग व्हिन्सच्या डब्याच्या पिशवीतून गुलाबी रीळ काढलं. म्हणाली, 'आता हा.' सात वेढे घातले. ओढला. ताणला. परत ओढला. तिने म्हटलं, 'अजून.' दोन्ही हातांनी ओढला, दातांनी धरून ओढला. टेप कातडीत रुतला. ती शेजारी उभी राहून दर वेळी म्हणत होती, 'अजून, मर्व्ह.' रागाने नाही. शांतपणे, जेवताना वाढतात तसं. मला रक्त आलं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, 'त्याने किती हिसके दिले असतील?'

उत्तर तुझ्याकडे असेल. तू पाहिलंस. तिला सांगू नकोस, आणि मलाही नको.

तुझ्याबद्दल विचारलंस. ती म्हणाली, 'लिनेटला म्हणावं, कुठल्याही रविवारी ये, कबरीवर जायचंय, मला गाडी चालवता येत नाही.' माझ्याबद्दल म्हणाली, 'तू परत येऊ नकोस.' कानात यंत्र होतं. सगळं स्पष्ट ऐकू आलं. आता ते काढत नाही. भांडी पडल्यासारखा आवाज येतो तो येऊ दे.

चमचा तिने मला दिला. टेबलावर माझ्यासमोर आहे. गुलाबी टेप अजून त्याच्यावर आहे, मी रोज वेढे मोजतो. सातच आहेत.

डॅड